ज्वालामुखी वायू, खारे पाणी आणि शेकडा प्रमाण : पूर्णेच्या खोऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयाचे स्वरूप

कोणत्याही मिश्रणाचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध करावयाचे झाले म्हणजे ते बहुधा शेकडा प्रमाणात मांडण्याची प्रथा आहे. ज्वालामुखीच्या मुखातून निघणारा वायू असो, उन्हाळ्याचे ऊन पाणी असो, की विहिरीतील खारट पाणी असो, त्यातील अमुक घटक शेकडा इतका व तमुक घटक शेकडा तितका, असे कोष्टक आपल्यापुढे ठेवले जाते. ही मांडणी सोयीची आहे यात शंका नाही. परंतु अशा कोष्टकावर संख्याशास्त्राचे नेहमीचे नियम जसेच्या तसे लावले, तर हाती येणारा निष्कर्ष पुष्कळदा पदार्थासंबंधीचा नसून केवळ शंभर ह्या बेरजेसंबंधीचा असतो. हा दोष कसा उत्पन्न होतो, तो टाळण्याचे उपाय कोणते, आणि नांदुरे तालुक्यासारख्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास त्याचे काय, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

नांदुरे हे गाव ज्ञानगंगेच्या काठी, मुंबई-नागपूर लोहमार्गावर, मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान वसलेले आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवाजवळ तापीस मिळणारी पूर्णा, असा हा प्रदेश. दोन्ही बाजूंचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे असून त्या काळ्या खडकाच्या झिजेतून आलेला गाळ पूर्णेच्या खोऱ्यात फार मोठ्या जाडीने साचला आहे. ज्या वायूंनी त्या लाव्हारसाला उसळी दिली ते केव्हाच निघून गेले. खडकातील त्यांच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या व त्यांत जमलेली स्फटिके तेवढी मागे राहिली. भारतात आज जागृत ज्वालामुखी एकच, तो अंदमानातील बॅरन बेटावरचा. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली आणि दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. आपल्या भागात ज्वालामुखीचा वायू नाही, पण ज्वालामुखीजन्य खडकातून व त्याच्या गाळातून फिरणारे पाणी आहे. आणि वायूच्या पृथक्करणाला जे तर्कशास्त्र लागू पडते तेच ह्या पाण्यालाही लागू पडते.

२. शंभराच्या बेरजेचे बंधन

ज्वालामुखीच्या वायूत सर्वांत मोठा वाटा सामान्यतः पाण्याच्या वाफेचा असतो. तिच्या खालोखाल कार्बन डाय-ऑक्साइड व सल्फर डाय-ऑक्साइड. आणि थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड, हायड्रोजन इत्यादी. न्यूझीलंडमध्ये कार्य केलेले रसायनज्ञ वेर्नर गिगेनबाख यांनी हे वायू गोळा करण्याची जी पद्धत रूढ केली ती सुटसुटीत आहे. निर्वात केलेल्या काचेच्या कुपीत दाहक सोड्याचे द्रावण ठेवतात. आम्लधर्मी वायू त्यात विरघळतात, वाफ थंड होऊन पाणी होते, आणि न विरघळणारे वायू वरच्या रिकाम्या जागेत जमून स्वतंत्रपणे मोजता येतात.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका नमुन्यातील दर १०० रेणूंत वाफेचे ९०, कार्बन डाय-ऑक्साइडचे ६, सल्फर डाय-ऑक्साइडचे ३ व हायड्रोजन क्लोराइडचा १ रेणू आहे असे समजा. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरून तापले आणि त्याने वाफेच्या आणखी १०० रेणूंची भर घातली. एकूण रेणू २०० झाले. त्यांत वाफ १९०, बाकीचे पूर्वीइतकेच. शेकडा प्रमाण मांडले की वाफ ९५, कार्बन डाय-ऑक्साइड ३, सल्फर डाय-ऑक्साइड १.५ व हायड्रोजन क्लोराइड ०.५ असे आकडे येतात. कोष्टक वाचणारा म्हणेल की तिन्ही वायू निम्म्यावर आले, ज्वालामुखी शांत होत आहे. वस्तुतः पोटातून येणाऱ्या वायूत तिळमात्र घट झालेली नाही; वरून पाणी पडले एवढेच. मात्र एक गोष्ट ढळली नाही : कार्बन डाय-ऑक्साइड सल्फर डाय-ऑक्साइडच्या दुप्पट होता, तो दुप्पटच राहिला.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, बेरीज शंभरावर बांधलेली असल्यामुळे एक घटक वाढला की दुसऱ्या कोणाला तरी कमी व्हावेच लागते. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर, एका घटकाचे इतर सर्व घटकांशी असलेले सहविचरण एकत्र मिळविले तर ती बेरीज त्या घटकाच्या स्वतःच्या विचरणाइतकी, पण ऋण, येते. म्हणजे निसर्गात काहीही घडलेले नसले तरी कोष्टकात ऋण सहसंबंध दिसलाच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, घटकांची परस्पर गुणोत्तरे ह्या बंधनातून मुक्त असतात.

हा दोष नव्याने ध्यानात आलेला नाही. कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच असा इशारा दिला होता की, परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन राशींना एकाच तिसऱ्या राशीने भागले, तर येणाऱ्या भागाकारांत मिथ्या सहसंबंध उत्पन्न होतो. खडकांच्या पृथक्करणांच्या बाबतीत फेलिक्स चेझ यांनी १९६० मध्ये स्थिर बेरजेचा हाच प्रश्न भूशास्त्रज्ञांपुढे नेटाने मांडला. तरीही शेकडा प्रमाणांतून थेट सहसंबंध-गुणांक काढण्याची सवय सुटण्यास फार काळ लागला.

३. भाषेतील एक समांतर उदाहरण

भाषाभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी निरनिराळ्या काळांतील मराठी पत्रांतले शब्द मोजून फारसी शब्दांचे प्रमाण १६२८ मध्ये शेकडा सुमारे ८६ होते ते १६७७ मध्ये सुमारे ३८ वर आले, असे दाखविले होते. भाषेच्या इतिहासात ही मोजणी मोलाची आहे. परंतु फारसी व मराठी असे दोनच वर्ग केले, की एकाची घट म्हणजेच दुसऱ्याची वाढ. त्या दोहोंतील सहसंबंध नेहमी पुरा ऋण एकच येणार. हा भाषेचा नियम नव्हे, वजाबाकीचा आहे. फारसी शब्द हटले म्हणून मराठी आले, की पत्राचा विषय पालटून मराठी शब्दांची भर पडली व फारसी होते तेवढेच राहिले, हे केवळ शेकडेवारीवरून ठरविता येत नाही. त्यासाठी मूळ संख्या व पत्रांचे विषय पाहावे लागतात. विहिरीच्या पाण्याचेही असेच आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

४. गुणोत्तर व त्याचा लघुगणक

ह्या अडचणीवर व्यवस्थित उपाय जॉन एचिसन ह्या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८२ च्या निबंधात व १९८६ च्या ग्रंथात सुचविला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या सामग्रीत केवळ प्रमाणेच ज्ञात आहेत तिच्यात खरी माहिती गुणोत्तरांत असते, म्हणून अभ्यास गुणोत्तरांचा करावा, आणि तोही त्यांचे लघुगणक घेऊन.

लघुगणक कशासाठी, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. एका नमुन्यात पहिला घटक दुसऱ्याच्या चौपट आहे व दुसऱ्या नमुन्यात चतुर्थांश आहे असे समजा. ४ व ०.२५ यांची साधी सरासरी २.१२५ येते, म्हणजे पहिला घटक सरासरीने दुपटीहून अधिक. आता गुणोत्तर उलटे मांडून सरासरी काढा, तीही २.१२५ च येते, म्हणजे दुसरा घटक सरासरीने दुपटीहून अधिक! वर कोणते नाव व खाली कोणते लिहिले यावर निष्कर्ष अवलंबून राहिला. लघुगणक घेतले तर एक धन व दुसरा तितकाच ऋण येऊन सरासरी शून्य होते. म्हणजे दोन्ही घटक सरासरीने समान, हाच न्याय्य निर्णय मिळतो.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. एकाच छेदाची दोन गुणोत्तरे घेऊन त्यांचा सहसंबंध काढला तर पिअर्सन यांनी दाखविलेल्या खड्ड्यातच आपण पुन्हा पडतो. म्हणून एचिसन यांनी सहसंबंधाऐवजी एकेका गुणोत्तराच्या लघुगणकाचे विचरण हे मूलभूत माप मानले. दोन घटकांच्या गुणोत्तराचे हे विचरण सर्व नमुन्यांत जवळजवळ शून्य असेल, तर ते दोन घटक जोडीने चालतात. विचरण मोठे असेल तर त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

लघुगणकाचा उपयोग संख्याशास्त्राच्या सोयीपुरताच आहे असेही नाही. रासायनिक समतोलाचा नियम स्वतःच गुणाकार-भागाकारांचा आहे, आणि त्याचे लघुगणक घेतले की तो सरळ रेषेचा होतो. खोल भूगर्भात पाणी व खडक यांत समतोल झाला असता पाण्यातील सोडियम व पोटॅशियम यांचे गुणोत्तर तेथील उष्णतेवर अवलंबून राहते. फोर्नियर यांनी १९७९ मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे, वजनी गुणोत्तराच्या लघुगणकात १.४८३ मिळवून त्या बेरजेने १२१७ ला भागावे व भागाकारातून २७३.१५ वजा करावे. म्हणजे खोलवरच्या पाण्याचे उष्णतामान सेल्सिअस अंशांत मिळते. सोडियम पोटॅशियमच्या वीसपट असेल तर उत्तर सुमारे १६४ अंश येते. वर येताना त्यात गोडे पाणी मिसळून प्रमाण निम्मे झाले तरी हे उत्तर फारसे बदलत नाही, कारण दोन्ही घटक सारखेच पातळ होतात. मात्र कमी उष्णतामानाच्या पाण्यास हे सूत्र विश्वासाने लावता येत नाही. तेथे समतोल पुरा झालेला नसतो.

महाराष्ट्रात अशी ऊन पाण्याची स्थाने पुष्कळ आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ, राजवाडी, रायगडातील उन्हेरे, ठाणे-पालघरकडील गणेशपुरी, वज्रेश्वरी, आणि सातपुड्याच्या कडेला जळगाव जिल्ह्यातील उनपदेव व अमरावतीच्या सीमेवरील सालबर्डी. उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव ह्या नावांत ‘उष्ण’ शब्दाचाच ‘उन्ह’ हा तद्भव आहे. लोकांनी ह्या पाण्याचे उष्णत्व नावात नोंदविले. त्याच्या उगमाचे उष्णत्व शोधण्यास मात्र गुणोत्तरांचीच कास धरावी लागते.

५. दोन विहिरी, एकच शेकडेवारी

आता खारपाणपट्ट्याकडे वळू. पूर्णेच्या गाळातील भूजल खारट असल्याने अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतील कित्येक गावांना पिण्याच्या व ओलिताच्या पाण्याची विवंचना आहे. ही क्षारता कशी आली याच्या निरनिराळ्या उपपत्ती संभवतात : जुन्या क्षारांची भर, बाष्पीभवनाने होणारी आटणी, किंवा चिकणमातीशी होणारा आयनांचा विनिमय. काळ्या खडकापासून झालेल्या चिकणमातीत हा विनिमय सहज घडतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम माती धरून ठेवते आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडते.

पुढील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले असून ते प्रतिलिटर मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आहेत. मूळच्या पाण्यात कॅल्शियम ४, मॅग्नेशियम ४, सोडियम ४. तसेच क्लोराइड ३ व बायकार्बोनेट ९ आहे असे धरा. धन आयनांत तिघांचा वाटा शेकडा ३३.३ इतका सारखा.

पहिल्या विहिरीच्या पाण्यात नुसते मीठ ८ इतके मिसळले. कॅल्शियम ४, मॅग्नेशियम ४, सोडियम १२, एकूण २०. प्रमाण अनुक्रमे शेकडा २०, २० व ६०.

दुसऱ्या विहिरीच्या पाण्यात बाहेरून काहीच मिसळले नाही, पण विनिमय झाला. कॅल्शियम २.४, मॅग्नेशियम २.४, सोडियम ७.२, एकूण १२. प्रमाण येथेही अनुक्रमे शेकडा २०, २० व ६०.

दोन्ही विहिरींत सोडियम वाढले व कॅल्शियम उतरले असे शेकडेवारी सांगते. दुसऱ्या विहिरीत ते खरे आहे; पहिल्या विहिरीत कॅल्शियम जसेच्या तसे आहे. अशा शंभर विहिरींचे धन आयनांचे शेकडा कोष्टक करून सोडियम व कॅल्शियम यांत ऋण सहसंबंध दाखविला, आणि त्यावरून येथे आयन-विनिमय चालतो असा निर्णय दिला, तर तो निर्णय निराधार होय. कारण केवळ मीठ मिसळूनही तोच सहसंबंध दिसला असता. ह्या प्रश्नाचे उत्तर सोडियम व क्लोराइड यांच्या गुणोत्तरात आहे. मुळात ते १.३३ होते. पहिल्या विहिरीत क्लोराइड ११ झाल्याने ते १.०९ वर, म्हणजे मिठाच्या एकाच्या जवळ येते. दुसऱ्या विहिरीत क्लोराइड ३ च असल्याने ते २.४ पर्यंत चढते. दोन इतिहास एका भागाकाराने वेगळे झाले.

हा भेद केवळ पंडिती नाही. त्यावर शेताचे भवितव्य अवलंबून असते. बायकार्बोनेट व कार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम वजा केले म्हणजे ‘अवशिष्ट सोडियम कार्बोनेट’ मिळते. प्रचलित निकषाप्रमाणे ते १.२५ पेक्षा कमी असल्यास पाणी ह्या दृष्टीने निर्धोक, व २.५ हून अधिक असल्यास ओलितास अयोग्य समजतात. पहिल्या विहिरीत ते १ भरते, दुसऱ्या विहिरीत ४.२. म्हणजे चवीला अधिक खारट लागणारी पहिली विहीर ह्या कसोटीस उतरते, आणि त्या मानाने कमी खारट असलेली दुसरी विहीर जमीन चोपण करू शकते. उपायही निराळे. पहिल्या पाण्याने साचणाऱ्या क्षारांचा चांगल्या निचऱ्याने निरास होऊ शकतो. दुसऱ्या पाण्याने बिघडणाऱ्या जमिनीस कॅल्शियमचा पुरवठा करणारे जिप्सम लागते. ज्याच्या हाती केवळ ‘सोडियम शेकडा ६०’ असा अहवाल पडला, त्याने यांतील काय करावे?

६. गुणोत्तरांच्याही मर्यादा

गुणोत्तरे घेतली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे मानणे हाही भ्रमच ठरेल. गुणोत्तर एकूण मात्रेविषयी काहीच बोलत नाही. अमेरिकेतील क्षारजमीन प्रयोगशाळेने १९५४ च्या पुस्तिकेद्वारे सर्वत्र रूढ केलेले ‘सोडियम अधिशोषण गुणोत्तर’ ह्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात सोडियमला कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या सरासरीच्या वर्गमुळाने भागतात. वर्गमूळ असल्यामुळे ते शुद्ध गुणोत्तर राहत नाही. एकूण मात्रेचा त्यावर परिणाम होतो. पहिल्या विहिरीच्या पाण्यात ते ६ आहे. तेच पाणी जमिनीत आटून चौपट दाट झाले, व तोवर काही क्षार साक्याच्या रूपाने बाहेर पडले नाहीत असे मानले, तर ते १२ होते. शेकडा प्रमाण मात्र ६० चे ६० च. म्हणून प्रमाणांबरोबर एकूण क्षारांचा आकडाही स्वतंत्रपणे जपला पाहिजे. एकूण क्षार पुष्कळ असेतोवर चिकणमातीचे कण एकत्र राहतात. पुढे पावसाचे निर्मळ पाणी पडताच सोडियमने भारलेली तीच माती फुगते, तिची छिद्रे बुजतात व पाणी मुरेनासे होते.

लोकभाषेने ह्या दोन्ही बाजू पूर्वीच ओळखलेल्या दिसतात. ‘गोडे’, ‘मचूळ’, ‘खारट’ हे शब्द एकूण मात्रेची चढती श्रेणी दाखवितात. याउलट ह्याच जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातून निघणाऱ्या क्षारांना दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे होती. निमकदल्ला ह्या नावातच सोड्याबरोबर मिठाचाही अंश आहे हे सांगितलेले आहे. हे नामकरण मात्रेचे नसून घटकांचे व स्वरूपाचे आहे. शास्त्रानेही ही दोन मोजमापे एकमेकांत मिसळू नयेत.

दुसरी अडचण शून्याची. शून्याचा लघुगणक घेता येत नाही. पृथक्करणात एखादा वायू ‘आढळला नाही’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ तो नव्हताच असा नसून आपल्या उपकरणाच्या मर्यादेखाली होता, एवढाच बहुधा असतो. एखादा शब्द एका पोथीत सापडला नाही म्हणून तो त्या काळच्या भाषेत नव्हता असे जसे म्हणता येत नाही, तसेच हे. तेथे शून्य न लिहिता मापनाची मर्यादा नोंदवावी. तिसरी अडचण त्रिकोणी आलेखांची. गिगेनबाख यांचा सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा १९८८ चा त्रिकोण प्रसिद्ध व उपयुक्त आहे. परंतु त्रिकोणातील बिंदू म्हणजे पुन्हा शंभरावर बांधलेले तीन आकडेच होत. त्रिकोण पाहून कल्पना सुचावी. तिचा निर्णय गुणोत्तरांवर करावा.

७. तात्पर्य

ह्या विवेचनाचे सार असे सांगता येईल. विहिरीच्या वा झऱ्याच्या पाण्याचा अहवाल शेकडा प्रमाणावर थांबू नये. प्रत्येक आयनाची प्रतिलिटर मात्रा, एकूण क्षार, नमुना घेतल्याचा महिना व विहिरीची खोली ही नोंदली जावीत. पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे नमुने एका रांगेत मिसळू नयेत. प्रमाणांची तुलना गुणोत्तरांच्या लघुगणकांनी करावी. खारपाणपट्ट्यातील गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी ऐकू येतात. त्यांचा पाण्याशी असलेला संबंध तपासताना तर हा विवेक अधिकच आवश्यक आहे, कारण शेकडेवारीतून उगवलेला मिथ्या सहसंबंध खऱ्या कारणावरून दृष्टी दुसरीकडे नेऊ शकतो.

मूळ आकडे जपून ठेवले तर शेकडा प्रमाण केव्हाही काढता येते. परंतु शेकडा प्रमाण तेवढे ठेवून मूळ आकडे टाकून दिले, तर ते पुन्हा मिळविण्याचा मार्ग उरत नाही. पाण्याची परीक्षा करणाऱ्याने व तिचा अहवाल वाचणाऱ्याने निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे.